आठच्या मावशी

त्या लॅबमध्ये घड्याळं दोन. एक भिंतीवरचं आणि एक मावशी. दोघांच्या वेळेत फरक पडला तर लोक भिंतीवरच्याचे सेल बदलायचे. मावशी एकतीस वर्षं तिथे रक्त काढत होत्या, आणि हार्मोनच्या तपासण्यांची खुर्ची तर जणू त्यांच्याच नावावर होती. हार्मोनसाठी सकाळी आठ म्हणजे आठ. आठ-दहाला आलेल्या बाईलाही त्या आत घ्यायच्या, पण आधी तिची चांगली हजेरी घ्यायच्या. म्हणून सगळी लॅब त्यांना आठच्या मावशी म्हणायची. तोंडावर नुसतं मावशी, पाठीमागे आठच्या. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

सुई टोचेपर्यंत समोरच्या बाईला बोलण्यात गुंतवून ठेवायची त्यांची पद्धत होती आणि विषय एकच, हार्मोन. ‘कॉर्टिसॉल नावाचं एक असतं बघ रक्तात,’ त्या दंडाला पट्टा आवळता आवळता सांगायच्या. ‘ते आपल्या आधी उठतं आणि मग आपल्याला हलवून उठवतं, आई उठवायची ना, तसं. आपण जागं होतो तेव्हा ते अगदी वर असतं, मग दिवसभर उतरत जातं, झोपताना तळाला. दुपारी बारा वाजता आलीस तर मी पकडू काय? झालं बघ, दाबून धर कापूस.’

पाळीचं गणितही तोंडपाठ. पहिल्या दिवसांत इस्ट्रोजेन चढतं, मग बीज सुटतं, मग प्रोजेस्टेरॉनची पाळी, ते दोन आठवडे राहतं आणि ते उतरलं की रक्त येतं. कॉलेजच्या मुली लाजायच्या. मावशी नाही. ‘महिन्यातले चार दिवस तू जगाशी भांडतेस ते सगळं हार्मोनमुळे नसतं हो,’ एकीला त्यांनी सांगितलं होतं, ‘जगही काही कमी नाही.’ स्वतःची पाळी बावन्नाव्या वर्षी थांबली तेव्हा त्यांनी त्यावर एवढाच शेरा मारला, ‘वेळेवर आली, वेळेवर गेली. तक्रार नाही.’

घरात तिघं. मावशी, मुलगा आणि सून. मुलगा घरोघरी वायरिंगची कामं करायचा. सून मोठ्या बेकरीत रात्रपाळीला. आता सासू-सून म्हटलं की ऐकणाऱ्याचे कान टवकारतात, पण इथे त्यांची निराशा होणार आहे. या दोघींचं फार बरं चालायचं. बरं चालायचं कारण दोघी एका वेळी जाग्या फारशा नसायच्याच, असं मुलगा म्हणायचा. सून रात्री साडेनऊला बाहेर पडायची तेव्हा मावशी झोपेला आलेल्या. सून सकाळी परत यायची तेव्हा मावशी लॅबच्या वाटेवर. सून सकाळी साडेनऊला झोपायची ती संध्याकाळी पाचला उठायची, आणि हे सुट्टीच्या दिवशीही. आठ वर्षं हेच. ‘एक दिवस तरी माणसांसारखी उठ,’ नवरा म्हणायचा. ‘शरीराला चकवलं की ते दुसऱ्या दिवशी सूड घेतं,’ ती म्हणायची आणि कूस बदलायची.

तिच्या खोलीच्या खिडकीला काळ्या कापडाचा दुपदरी पडदा मावशींनीच शिवला होता. शेजाऱ्याने दुपारी तीनला भिंतीत ड्रिल मशीन लावलं, तेव्हा मावशी नेमक्या लॅबमधून परतत होत्या. जिन्यातूनच त्यांनी त्याला विचारलं, ‘तुमच्या घरात रात्री तीनला येऊन मी असं केलं तर चालेल का?’ बिचाऱ्याने ते मशीन पुन्हा संध्याकाळीच काढलं. म्हणजे सुनेची रात्र कुठली आणि दिवस कुठला, हे जगात दुसऱ्या कुणाला कळत नसेल तरी मावशींना कळत होतं. हे नीट लक्षात ठेवा, कारण आता त्यांनी जे केलं ते ऐकून तुम्ही कपाळावर हात मारणार आहात.

झालं असं की बेकरीतला भट्टीप्रमुख निवृत्त व्हायला निघाला आणि त्याने मालकाला सांगितलं, माझ्या जागी हिला घ्या. पिठाला नुसतं बोट लावून ते अजून किती वेळ फुगू द्यायचं हे सांगणारी त्या भट्टीवर ती एकटीच होती. आजवर तिथे बाई प्रमुख झाली नव्हती. सुनेचे पाय आठवडाभर जमिनीला लागत नव्हते. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून जागा तिची, फक्त डॉक्टरचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र द्यायचं होतं.

प्रमाणपत्राच्या फॉर्मवर प्रश्न होते. सकाळी थकवा वाटतो का? सुनेने लिहिलं, वाटतो. रात्रभर पोतीच्या पोती पीठ मळून सकाळी कोण नाचणार आहे? मासिक पाळी नियमित आहे का? तिने लिहिलं, पस्तीस दिवसांनी येते. खरं बोलायची खोड तिला लहानपणापासून. मावशींच्याच लॅबवर बसणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी ते वाचलं, भुवई उंचावली आणि दोन तपासण्या लिहून दिल्या. कॉर्टिसॉल, सकाळी आठ वाजता. प्रोजेस्टेरॉन, पाळीच्या एकविसाव्या दिवशी. तशी चिठ्ठी त्या सगळ्यांनाच देत. छापीलच होती ती.

एकविसावा दिवस उजाडला. सून बेकरीतून थेट लॅबमध्ये आली. भुवयांवर पीठ, डोळे मिटायला आलेले. मावशींनी तिला पहिला नंबर दिला. सून म्हणून सवलत दिली ती एवढीच. आठच्या ठोक्याला सुई आत, दोन ट्यूब भरल्या, कापूस दाबला. सून खुर्चीतच पेंगायला लागली, तेव्हा मावशींनी तिला रिक्षात बसवून दिलं आणि ट्यूबवर स्वतःच्या वळणदार अक्षरात वेळ लिहिली. ८.००. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही.

दोन दिवसांनी रिपोर्ट आला. दोन्ही आकडे तळाला.

डॉक्टरीणबाईंनी सासू-सुनेला समोर बसवलं. बाई मनाने चांगल्या होत्या, पण घाईत असायच्या. ‘कॉर्टिसॉल फारच कमी आहे. बीजही सुटत नाहीये असं दिसतंय. रात्रपाळीने शरीराचं वेळापत्रक पार विस्कटलंय. मी गोळ्या लिहून देते, पण रात्रपाळी बंद. बेकरीत दिवसाचं काही काम असेलच की.’

दिवसाचं काम म्हणजे पाव पिशव्यांत भरायचं. सून उठली. बाहेर आल्यावर म्हणाली, ‘आई, पिशव्यांना गाठी मारायला मी आठ वर्षं घालवली का?’ मावशींनी तिची समजूत घातली. म्हणजे घालायचा प्रयत्न केला. आकडे खोटं बोलत नाहीत, तब्येतीपुढे नोकरी कसली, असलंच काहीतरी. बोलताना त्यांना स्वतःचाच राग येत होता, पण कशाचा ते कळत नव्हतं. घरी गेल्यावर सुनेने काळा पडदा ओढला आणि झोपली. झोपली की रडली, ते मावशींना कळलं नाही, आणि दार वाजवायचा धीरही झाला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मावशी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी चहा घेऊन बसल्या होत्या. पहाटे पाचला उठलेल्या, त्यामुळे या वेळी त्यांचा जीव अर्धा झालेला असायचा. पावणेसहाला सून आली. केस धुतलेले, गुणगुणत. काल एवढं होऊनही गुणगुणत होती. तिने एका हाताने गॅसवर दूध चढवलं, दुसऱ्या हाताने महिनाभर डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली, फळीवरचे जड डबे खाली उतरवून फळी पुसली आणि डबे परत चढवले. हे सगळं दूध उतू जायच्या आत.

‘अगं बस जरा,’ मावशी म्हणाल्या. ‘तुला डॉक्टरांनी काय सांगितलंय? तुझं कॉर्टिसॉल चढतच नाहीये. सकाळी माणसात जो जोर यायला हवा तो तुझ्यात...’

‘सकाळी?’ सून डबा हातात धरून वळली. ‘आई, मी आत्ता उठलेय. माझी सकाळ आत्ता चालू आहे.’

मावशींनी कप खाली ठेवला.

त्यांनी समोर पाहिलं. झोपेतून उठून पाऊण तास झालेली, टवटवीत, डबे उचलणारी बाई. मग त्यांना दिसली ती खुर्चीत पेंगणारी, भुवयांवर पीठ असलेली बाई, जी आणखी दीड तासाने झोपणार होती. तिच्या रक्तातलं कॉर्टिसॉल तेव्हा तळाला नसेल तर कुठे असेल? झोपायच्या वेळी ते तळालाच असतं, हे मावशी रोज दहा बायकांना सांगत होत्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पडदा ज्यांनी शिवला, ड्रिल मशीन ज्यांनी बंद पाडलं, त्यांनीच सुनेला तिच्या रात्री टोचलं होतं आणि वर अक्षर काढून वेळ लिहिली होती.

‘पोरी,’ त्या हळूच म्हणाल्या, ‘तुझी पाळी पस्तीस दिवसांनी येते ना?’

‘हो. आणि ती मात्र तुमच्यासारखी आहे. एक दिवस इकडे तिकडे नाही.’

मावशी बोटांवर मोजायला लागल्या. बीज सुटल्यावर पाळी यायला दोन आठवडे, हे बहुतेकींचं तसंच. लांबतं ते आधीचं. पस्तीसातून चौदा गेले, एकवीस. म्हणजे एकविसाव्या दिवशी हिचं बीज जेमतेम सुटायला निघालं असणार, आणि आम्ही त्याच दिवशी प्रोजेस्टेरॉन शोधायला गेलो. एकविसावा दिवस हा अठ्ठावीस दिवसांवाल्यांचा. हिचा अठ्ठाविसावा. ‘आज कितवा?’

‘चोविसावा.’

‘चार दिवस आहेत,’ मावशी उठल्या. अर्धा झालेला जीव कुठे गेला कोण जाणे. मग पुन्हा बसल्या. ‘मी चुकले गं. तुझी जागा घालवायला निघाले होते मी.’ आणि त्यांच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. सुनेने त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, त्यामुळे तिची धांदल उडाली आणि दूध उतू गेलं ते गेलंच.

सकाळी मावशी डॉक्टरीणबाईंच्या खोलीत शिरल्या. या बाई शिकाऊ होत्या तेव्हा शीर कशी शोधायची ते त्यांना मावशींनीच शिकवलं होतं, म्हणून दार न वाजवता शिरायचा हक्क होता. बाईंनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. ‘मावशी, ते जे नेहमीचे आकडे छापलेले असतात ना, ते सकाळच्या नमुन्याचे आहेत. संध्याकाळी घेतलेला नमुना मी कशाशी ताडून बघू?’

‘सकाळच्याशीच बघा. तिची सकाळ पाचला होते.’

‘पुस्तकात असं...’

‘पुस्तकातली बाई रात्री झोपते, मॅडम. पुस्तकातल्या बाईची पाळी अठ्ठावीस दिवसांनी येते. माझी सून पुस्तकात नाही, बेकरीत आहे.’

बाई थांबल्या. घाईतलं माणूस थांबलं की कळतं, काहीतरी आत गेलं. त्यांनी पुन्हा ते दोन आकडे बघितले, मग फॉर्मवरचं पस्तीस दिवस बघितलं. ‘हे मला दिसायला हवं होतं,’ त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, ‘करूया. अठ्ठाविसाव्या दिवशी, उठल्यावर तासाभरात. पण लॅबचा काउंटर दोनला बंद होतो. मशीन साडेसहापर्यंत चालू असतं. नमुना तेवढ्यात पोचला पाहिजे. तिला सांगा, तोवर गोळ्या सुरू करायच्या नाहीत. आणि मावशी, हा आकडाही कमी आला तर माझं तेच म्हणणं राहील.’

‘राहू दे,’ मावशी म्हणाल्या. पण जिना उतरताना त्यांनी बोटांवर पुन्हा एकदा मोजून पाहिलं.

अठ्ठाविसावा दिवस. मुलगा काम सोडून साडेचारलाच घरी आला आणि स्कूटर दाराशी तोंड बाहेर करून लावली. मावशींनी टेबल पुसलं, पट्टा, सुई, ट्यूब, कापूस, सगळं मांडलं. पाचला काळ्या पडद्यामागून जांभई ऐकू आली. पाच-वीसला सून येऊन बसली आणि हात पुढे केला. शीर टपोरी, कुठलाही शिकाऊ पोरगा काढेल अशी. मावशींनी पट्टा आवळला. आज त्यांना बोलायला काही सुचेना. सुई लावली.

चुकली.

एकतीस वर्षांत लहान बाळांच्या, ऐंशी वर्षांच्या आज्ज्यांच्या शिरा सापडल्या, आणि ही टपोरी शीर हातून निसटली. मावशी पांढऱ्याफटक पडल्या. दारातून मुलगा म्हणाला, ‘आई, मी प्रयत्न करू का? वायर आणि शीर, फरक किती?’

‘तू गप्प बस,’ दोघी एकदम म्हणाल्या.

मग सुनेने दुसरा हात पुढे केला. ‘माझी पहिली भट्टी सगळी जळाली होती, आई. कोळसा नुसता. मालकाने सांगितलं, दुसरी लाव. तुम्ही दुसरी लावा.’

मावशींनी हात झटकले, एक श्वास घेतला आणि दुसरी लावली. रक्त ट्यूबमध्ये उतरलं, दोन्ही भरल्या. त्यांनी त्यावर वेळ लिहिली, ५.३१, आणि अक्षर अगदी भिकार आलं. मग त्या ट्यूबचा डबा छातीशी धरून स्कूटरवर मागे बसल्या. मुलगा एरवी जोरात चालवतो म्हणून त्याला शिव्या घालणाऱ्या मावशी त्या दिवशी सगळा वेळ ‘हाण, हाण’ म्हणत होत्या. सहाला पाच मिनिटं असताना डबा मशीनवाल्याच्या हातात होता.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी दुपारी आला. मावशींनी तो बाईंच्या हातात दिला आणि स्वतः खिडकीबाहेर बघत उभ्या राहिल्या. शेवटी त्यांनी वळून पाहिलं, तर बाई हसत होत्या. कॉर्टिसॉल, सकाळी उठलेल्या कुठल्याही धडधाकट बाईला शोभेल असं. प्रोजेस्टेरॉन भरपूर, म्हणजे बीज सुटलं होतं, आपल्या वेळेला, कुणाला न विचारता.

‘आम्ही आकडे सकाळचे लावले,’ बाई सही करता करता म्हणाल्या, ‘आणि सकाळ कुणाची, ते विचारलंच नाही. तिला सांगा, झोपेची वेळ अशीच सांभाळ. रात्रीचं काम शरीराला सोपं नसतं, दर सहा महिन्यांनी येऊन दाखवून जा. आणि पाव चांगले भाज.’

संध्याकाळी पाचला सून उठली तेव्हा प्रमाणपत्र तिच्या उशाशी होतं. तिने ते दोनदा वाचलं, बाहेर आली आणि सासूला उचललं. खरोखर उचललं. पोती उचलायची सवय. ‘खाली ठेव, खाली ठेव, हाडं मोडतील,’ मावशी ओरडत होत्या आणि हसत होत्या, आणि मुलगा म्हणत होता की आता प्रमुखबाईंशी कोण वाकडं बोलणार.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. मावशींची संपेना. सून कामावर गेल्यावर त्या झोपायला गेल्या नाहीत. टेबलाशी कागद घेऊन बसल्या. त्यांना माणसांची नावं आठवत नसत, शिरा आठवत. त्यांनी तसंच लिहायला सुरुवात केली. हॉस्पिटलातली उंच नर्स, डावा हात, शीर कोपराच्या जरा बाहेर. कारखान्याच्या गेटवरची रखवालदार, शीर खोल, दोनदा टोचावं लागतं. स्टेशनवरची सफाईवाली, उजवा हात, भाजल्याची खूण. रात्रभर काम करून सकाळी आठला समोर बसलेल्या, डोळे मिटत असलेल्या बायका. यातल्या कित्येकींना त्यांनी उशीर झाला म्हणून झापलंही होतं. अकराजणी आठवल्या. अकरावीपाशी त्यांनी पेन ठेवलं.

सकाळी तो कागद त्यांनी बाईंसमोर ठेवला. बाईंनी सगळा वाचला. ‘यातल्या दोघींना मीच गोळ्या दिल्यात,’ त्या म्हणाल्या. ‘सगळ्यांना पुन्हा बोलवावं लागेल. प्रत्येकीच्या उठायच्या वेळेला. दोननंतर कोण थांबणार?’

‘मी.’

‘मावशी, तुम्ही पहाटे पाचला उठता.’

‘मग काय झालं? माझं कॉर्टिसॉल कुणाला हवंय?’

पहिली आली ती उंच नर्स. संध्याकाळी पावणेसहाला, गालावर उशीचा वळ, चेहऱ्यावर वैताग. लॅब रिकामी होती. ती खुर्चीत बसली आणि डावा हात पुढे करत म्हणाली, ‘तीन वर्षं सकाळी आठला बोलावलंत. पाच मिनिटं उशीर झाला तर बोल लावलेत. आणि आता म्हणता, संध्याकाळी ये. मग ते सगळं काय होतं?’

मावशींनी पट्टा आवळायला घेतला होता. तो हातात तसाच धरून त्या म्हणाल्या, ‘चूक होती. माझी.’

नर्सने बाही आणखी वर सरकवली.